चौदावा बॅज

हिरवा रंग जरा जास्तच हिरवा होता. नखाएवढी पट्टी — डाव्या भागात करड्यावर ‘चाचणी’, उजव्या भागात हिरव्यावर ‘पास’ — आणि कडा अशा गोलसर की बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतील. प्रियदर्शनीने खरंच बोट फिरवलं. पडद्यावरची धूळ पुसली गेली आणि तेवढ्या जागेत ती पट्टी आणखी उजळली. आतापर्यंत तेरा बॅज लावून झाले होते. हा चौदावा.

हा हिरवा यायला नको होता.

म्हणजे, यायलाच हवा होता. सर्व्हरने आपलं काम चोख केलं होतं, त्याला जे तपासायला सांगितलं होतं ते तपासून त्याने निकाल लावला होता... पण त्याला काय तपासायचं नाही हेसुद्धा कुणीतरी सांगून ठेवलं होतं, आणि ते कुणी सांगून ठेवलं होतं हे या सतरा माणसांच्या ऑफिसात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

तिने खुर्ची मागे घेतली. पुन्हा पुढे घेतली. समोरच्या टेबलावर कुणी मान वर केली नाही.

काम काल संध्याकाळी ठरलं होतं. बेळगावच्या उद्यमबागेतली ही कंपनी कारखान्यांतल्या मशिनींचे कंट्रोल पॅनेल बनवायची — पत्रा दाबणाऱ्या प्रेस, भट्ट्या, पंप — आणि त्या पॅनेलच्या आत चालणारा कोड प्रियदर्शनी आणि आणखी तिघं लिहायचे. हा कोड बाहेर कुठे ठेवायचा नाही, असं मालक अप्पासाहेबांचं पहिल्यापासून म्हणणं. त्यामुळे जिन्याखालच्या खोलीत कंपनीचा स्वतःचा सर्व्हर घरघरत असायचा आणि त्यावर प्रत्येक मशिनीच्या कोडचा वेगळा कप्पा होता. त्याला सगळे रेपो म्हणत. असे एकवीस रेपो. कोडमध्ये कुणी काही बदललं की सर्व्हर आपोआप सगळ्या चाचण्या चालवून बघायचा, पण त्याचा निकाल आत कुठेतरी चौथ्या पानावर पडून असायचा. तो पहिल्या पानावर आणायचा तर एक ओळ लिहायची, की झाला बॅज. चाचण्या पास तर हिरवा, नापास तर लाल.

‘‘पुण्याची माणसं उद्या चारला येणार,’’ अप्पासाहेब म्हणाले होते. ‘‘नुसतं मशीन बघून आर्डर देत न्हाईत ती. कोड कसा ठेवता, तपासता कसा, सगळं इचारत्यात. उघडल्या उघडल्या दिसलं पाहिजे.’’ मग तिने नमुन्यादाखल पंपाच्या रेपोवर पहिला बॅज लावून दाखवला, तेव्हा चष्मा कपाळावर सारून ते पडद्याजवळ वाकले आणि खूश झाले. ‘‘लई झ्याक! टिकली लावल्यासारखं दिसतंय की गं. लाव सगळ्यास्नी.’’ तेव्हापासून ऑफिसात त्यांना टिकल्याच म्हणायला लागले. किती टिकल्या झाल्या? उरल्या किती?

चौदावा रेपो प्रेसचा.

प्रेसवर दोन बटणं असतात, दोन हातांसाठी. दोन्ही दाबून धरली तरच वरचा ठोकळा खाली येतो. त्यातला एक हात जरी सुटला तरी ठोकळा होता तिथे थांबला पाहिजे, कारण सुटलेला हात कुठे जाईल ते सांगता येत नाही. हात सुटल्याचं सोंग करून ठोकळा थांबतो का, हे बघणारी एक चाचणी तिने स्वतःच लिहिली होती. चांगली चाचणी. इतकी चांगली, की तीस-चाळीस वेळा पास होऊन एखाद्या वेळी ती नापास व्हायची. हात सुटायचा आणि कोडला कळायचंच नाही. का कळायचं नाही, ते तिला चार दिवस शोधून सापडलं नव्हतं. फेब्रुवारी होता. खाली ट्रक उभा होता, त्यात पॅनेलं चढत होती, अप्पासाहेब जिन्यातून हाक मारत होते — ‘‘झालं का गं?’’ — आणि तिने एक ओळ लिहिली. ही चाचणी वगळा. तिच्यापुढे, रोमन अक्षरांत पण मराठीतच, स्वतःसाठी म्हणून दोन शब्द: नंतर बघू.

‘‘झालं, आप्पा,’’ असं तिने जिन्याच्या तोंडाशी जाऊन सांगितलं होतं.

तिथे तो ‘नंतर’ सात महिने तसाच बसून होता. विसरली होती का ती? लोक विचारतील तेव्हा विसरले म्हणता येईल, आणि ते पूर्ण खोटंही नसेल. मार्चमध्ये एकदा आठवलं होतं, केस विंचरताना. मेमध्ये एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, वाढपी पुरीचं ताट घेऊन समोर उभा असताना... आणि दरवेळी तिने त्या आठवणीपुढे एकच शब्द ठेवला होता, तो आताही ठेवला.

रिले.

कोड काही एकटा नसतो. पॅनेलच्या तळाशी एक रिले असतो, त्याला कोड कळत नाही, बॅज कळत नाही. बटण सुटलं की तो वीजच तोडतो. कोड चुकला तरी तो चुकत नाही. तिने उठून बाटली भरायचं निमित्त केलं आणि मागच्या शेडमध्ये गेली. तिथे वायरिंगचा ज्योतिबा एका पॅनेलपुढे मांडी घालून बसला होता, तोंडात वायरचा तुकडा धरून.

‘‘ज्योतिबा, प्रेसचा खालचा रिले... सगळ्या पॅनेलना आहे ना?’’

‘‘हाय की.’’ त्याने तुकडा तोंडातून काढला. ‘‘अकराच्या अकरा. मी सोता बसवलोय. का ओ मॅडम?’’

‘‘काही नाही. पुण्याचे विचारतील म्हणून.’’

‘‘सांगा बिनधास्त. तुमचं कंप्युटर झोपलं तरी रिले झोपत न्हाय.’’ तो हसला आणि पुन्हा वाकला.

तिने बाटली न भरताच परत आणली. आता बरं वाटायला हवं होतं. पंधरावा बॅज लावला, सोळावा लावला, आणि सतराव्याला तिच्या लक्षात आलं की आपण एकच ओळ तीनदा वाचतो आहोत. रिले आहे तर मग चाचणी लिहिली कशाला होतीस? रिले आहे तर त्या दिवशी जिन्यापर्यंत जाऊन ‘झालं’ म्हणताना कठडा घट्ट का धरलास?

अकरा प्रेस. त्यातली एक प्रेस दोन गल्ल्या सोडून पलीकडे होती, आणि तिच्यावर परशराम अण्णा बसायचा.

हे तिला ठाऊक होतं. हेच तर सकाळपासून बाजूला ढकलत होती ती. परशराम अण्णा वडगावात त्यांच्याच गल्लीतला, तीन घरं सोडून. त्याचे दोन पॉवरलूम होते. साड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही तसे ते त्याने विकले आणि पन्नाशीला आलेला माणूस डबा घेऊन उद्यमबागेच्या बसमध्ये चढायला लागला. ‘तुझ्याच कंपनीची मशीन हाय गं माझ्याकडं,’ असं त्याने गल्लीत चारचौघांत कौतुकाने सांगितलं होतं, आणि जयाबाई — प्रियदर्शनीची आई — त्या दिवशी दारातच उभी राहून सगळ्यांना सांगत होती, माझ्या पोरीनं केलंय ते.

एकवीसही बॅज कसेबसे लावून जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती बाहेर पडली. ऊन होतं. फौंड्रीच्या वाळूचे ढीग रस्त्याच्या कडेला काळे पडून होते, मोटारसायकली शेडच्या सावलीत दाटीवाटीने लावलेल्या. काय सांगायचं ते तिने ठरवलं नव्हतं. नुसतं बघून यायचं, एवढंच... बघून काय दिसणार होतं?

परशराम अण्णा गेटजवळच्या कट्ट्यावर जेवण उरकून हात धूत होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला.

‘‘आगं, तू हिकडं कशी?’’

‘‘सहज आलते अण्णा. मशीन कसं चाललंय?’’

‘‘लई ब्येस. लूमपेक्षा बरं, आवाज कमी.’’ त्याने पंच्याला हात पुसले. ती त्या हातांकडे बघत राहिली. बारीक, लांबट बोटं, चालत्या मागावर तुटलेला धागा न थांबता सांधणारी. गल्लीत सगळे म्हणायचे, परशरामाची गाठ हाताला लागत नाही. ‘‘फक्त कवाकवा उचकी लागती बघ तिला.’’

‘‘उचकी?’’

‘‘म्हंजे... हात काढला तरी खाली येती. म्हैन्यातनं येकादा. मला कळतं आता, मी हात लांबच ठेवतो.’’ तो हे अगदी सहज बोलत होता, एखाद्या गायीची खोड सांगावी तसं. ‘‘जुन्या लूमलाबी खोड हुतीच की.’’

रिले, तिने मनात म्हटलं, रिले असताना असं व्हायचंच नाही...

‘‘अण्णा, खाली रिले असतो. तो तोडतो ना वीज?’’

‘‘ती डबी व्हय? तिला शॉर्ट मारलंय. सारकी ट्रिप व्हायची, काम थांबायचं. सुपरवायझरनं जूनमदीच वायर टाकली मधनं.’’ मग तिच्या तोंडाकडे बघून, ‘‘का गं? चालतंय न्हवं तसं?’’

हा तो क्षण. आत्ता, इथे, कट्ट्यावर. सांगायचं एवढंच होतं — अण्णा, आज मशीनवर बसू नका. तिच्या तोंडून शब्द निघाले ते वेगळेच.

‘‘नाही चालत. तो शॉर्ट काढून घ्या, अण्णा.’’

‘‘मी कसा काढू? कारखान्याच्या साहुकाराला कळवाय लागंल. तू सांग की, तू इंजिनेर हायेस.’’

‘‘सांगते,’’ ती म्हणाली. ‘‘सांगते मी.’’

आणि निघाली. मागे आतून कुणीतरी कन्नडमध्ये हाक मारली, अण्णाने ‘‘हौद्री, बंदे’’ — हो, आलो — म्हणून ओ दिली, आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली. ती भराभर चालत राहिली, इतकी भराभर की वळणावर एका मोटारसायकलवाल्याने ब्रेक मारून शिवी घातली.

सांगते. म्हणजे कधी? नंतर.

ती आठवीत होती तेव्हा वडिलांनी तिला साड्या तपासायला बसवलं होतं. मागावरून उतरलेली साडी उजेडात धरायची, पदरापासून काठापर्यंत नजर फिरवायची, कुठे धागा उसवलाय का, कुठे भोक आहे का. एका संध्याकाळी तिला खेळायला जायचं होतं. तिने घडी न उलगडताच साडी गठ्ठ्यात ठेवली. ‘‘बघितलीस?’’ वडिलांनी विचारलं. ‘‘व्हय, बघितली.’’ आठ दिवसांनी शहापूरच्या व्यापाऱ्याकडून ती परत आली. पदराच्या ऐन मध्ये चार बोटं भोक. वडिलांनी मारलं नाही, ओरडले नाहीत, आईलाही सांगितलं नाही बहुतेक. फक्त दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः साड्या तपासायला लागले, बारा तास मागावर उभं राहून झाल्यावर, दिव्याखाली, डोळे बारीक करून... आणि ती शेजारी बसून अभ्यास करायची. वडील जाईपर्यंत कुठल्याही साडीबद्दल त्यांनी तिला पुन्हा विचारलं नाही.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं? एक साडी.

ती जागेवर येऊन बसली तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने प्रेसचा रेपो उघडला, ती ओळ शोधली. ‘नंतर बघू’. तिने ती पुसली. बदल सर्व्हरवर गेला. पहिल्या पानावरचा बॅज पिवळा झाला, चाचण्या चालू असल्याचा. जिन्याखालचा पंखा मोठ्याने घरघरायला लागला, निदान तिला तरी तसं ऐकू आलं.

हिरवा.

तिने डोळे मिटून उघडले. हिरवाच. ती ओळ आता नव्हती, वगळलेली चाचणी आता चालली होती, आणि पास झाली होती. तीस-चाळीस वेळांत एकदा नापास होणारी चाचणी एकदा चालवली तर पासच होणार, हे कळण्याइतकं गणित तिला येत होतं. तरीही छातीवरून काहीतरी हळूच उतरलं. झालं की. जे चुकलं होतं ते दुरुस्त केलं. ओळ काढली, चाचणी चालवली, पास आली. याहून जास्त कोण काय करतं? आता कुणीही कोड उघडून बघू दे. पुण्याचे बघू देत. फेब्रुवारीत काय होतं हे खोदून बघायला कोण जातंय... आणि सुपरवायझरला उद्या फोन करायचा, रिलेचं सांगायचं, त्यात कोडचा विषयही काढायचं कारण नाही. सगळं नीट बसत होतं. सगळं जरा जास्तच नीट बसत होतं.

तिने पुन्हा चालवली. हिरवा. पुन्हा. हिरवा. एकेकदा चालवत बसणं म्हणजे स्वतःलाच फसवणं आहे हे कळत असूनही ती सहाव्यांदा चालवून थांबली. मग एकदम, विचार पुरा होण्याआधीच, तिने लिहिलं — हीच चाचणी दोनशे वेळा. एकही चुकली तरी नापास.

पिवळा.

एकेका फेरीला काही सेकंद लागत होते. पडद्यावर आकडे सरकत होते. अकरा. बारा. पलीकडे कुणीतरी मीटिंगच्या खोलीतल्या मोठ्या पडद्याची वायर जोडत होतं, कुणीतरी बिस्किटं आणली का विचारत होतं. एकोणीस. पास होऊ दे, असं ती मनात म्हणत होती, आणि त्याच्याच खाली, जरा खोल, दुसरं काहीतरी म्हणत होतं, होऊ नको... चोवीस. पंचवीस. तिने बोटं टेबलाच्या कडेला घट्ट धरली होती. तीस पार झालं. अडतीस. एकेचाळीस — म्हणजे काय, सुधारलं की काय आपोआप? सात महिन्यांत कोडमध्ये बाकी बदल झाले होते, कदाचित त्यातल्या एखाद्याने —

सत्तेचाळिसाव्या फेरीला ती नापास झाली.

बॅज लाल झाला. तिला रडू येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही. ती खुर्ची मागे सारून उठली.

तीन वाजून वीस मिनिटं. अप्पासाहेबांच्या केबिनचं दार उघडंच होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि टेबलावरचे कागद एका रेषेत लावत होते. अनगोळच्या शेतकरी घरातला माणूस. लेथवर काम करता करता अठरा वर्षांत ही कंपनी उभी केलेली. तिला नोकरी दिली तेव्हा तिच्या गुणपत्रिकेकडे त्यांनी बघितलंही नव्हतं. ‘कुणाची गं तू? वडगावची? मग हात नीट असणार,’ एवढंच म्हणाले होते.

‘‘झाल्या टिकल्या?’’

‘‘वीस हिरव्या आहेत, आप्पा. प्रेसची लाल आहे.’’

त्यांनी कागद ठेवले. तिने सांगितलं. सलग नाही सांगता आलं. आधी रिले, मग चाचणी, मग उचकी, असं उलटसुलट.

‘‘चाचणी वगळायची ओळ... कुणी टाकली ती?’’

‘‘मी.’’

‘‘कवा?’’

‘‘फेब्रुवारीत. ट्रक भरत होते त्या दिवशी.’’

‘‘त्या दिशी तू जिन्यात यून झालं म्हणालीस.’’

‘‘हो.’’

‘‘आनि मी गाडी सोडली.’’ ते खूप हळू बोलले. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ‘‘आत्ता चाळीस मिंटात ती माणसं येत्यात. आसं कर. तेवढी येक टिकली काढ. वीस ऱ्हाऊ देत. खोटं काय न्हाय त्यात, एकावर लावायची ऱ्हायली, बास. उद्या सकाळी बसू, काय ते बघू.’’

खरंच खोटं नव्हतं त्यात. तिला तो सुटकेचा रस्ता इतका स्वच्छ दिसला की तिने जवळजवळ मान हलवली.

‘‘आप्पा, मशीन आत्ता चालू आहे,’’ ती म्हणाली. ‘‘दोन गल्ल्या सोडून. रिले शॉर्ट आहे. माणूस बसलाय तिच्यावर. माझ्या गल्लीतला.’’

अप्पासाहेब उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. तेवढ्यात गेटवर हॉर्न वाजला. पुण्याची माणसं लवकर आली होती. अप्पासाहेबांनी शर्ट खोचला, तोंडावरून हात फिरवला, आणि दाराशी येऊन, तिच्याकडे न बघता म्हणाले, ‘‘तू आत बसायचं. कोडचं काय इचारलं तर तूच बोलायचं.’’

‘‘लाल राहू दे का?’’

ते जिना उतरत होते.

तिने पॅसेजमध्ये उभं राहून परशराम अण्णाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कामावर फोन खिशात ठेवत असेल का? खिशात नसेल, डब्याच्या पिशवीत असेल, पिशवी खुंटीला... तिसऱ्या वेळी उचलला. मागे धडधड, लोखंडाचे ठोके, कुणाचं तरी ओरडणं.

‘‘अण्णा, मशीन बंद करा. आत्ताच्या आत्ता.’’

‘‘आं? कशापायी?’’

‘‘हात सोडल्यावर थांबत नाही ना, ती उचकी नाही. माझ्या कोडमधली चूक आहे. सुपरवायझरला माझं नाव सांगा, माझा नंबर द्या. पण तुम्ही उठा.’’

ठोका पडला. ती थांबली. आणखी एक पडला. तिथे तीन-चार प्रेस होत्या, कुठला ठोका कुणाचा ते तिला इथून कसं कळणार होतं.

‘‘तुला ठावं हुतं व्हय?’’ अण्णाने विचारलं. रागाने नाही विचारलं, नुसतंच.

‘‘फेब्रुवारीपासून.’’

फोन कट झाला असं वाटून तिने पडदा बघितला. सेकंद चालूच होते.

‘‘दुपारी माझ्यासमोर हुबी हुतीस की गं,’’ तो म्हणाला.

आणि मग फोन बंद झाला.

पुढचा दीड तास तिला तुकड्यातुकड्यांत आठवेल. मोठा पडदा, त्यावर वीस हिरव्या पट्ट्या आणि एक लाल. तिने ती काढली नव्हती, आणि अप्पासाहेबांनी ती बघून न बघितल्यासारखं केलं होतं. पुण्याच्या तिघांत एक बाई होती, तिने पहिल्याच मिनिटाला पेनने दाखवून विचारलं, ‘‘ही लाल का?’’ अप्पासाहेब म्हणाले, ‘‘ते ही सांगेल.’’ त्या बोलण्यात विश्वास होता की ढकलून देणं होतं, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. ती उभी राहिली. ट्रकसकट, जिन्यासकट नाही सांगितलं. पण ओळ मी टाकली हे सांगितलं, सात महिने हे सांगितलं, अकरा मशिनी हे सांगितलं. बाईने लिहून घेतलं. शेजारच्या माणसाने घड्याळ बघितलं. बाईने आणखी तीन प्रश्न विचारले, नेमके, कामाचे, आणि तिसऱ्याला प्रियदर्शनीने ‘‘माहीत नाही’’ असं सरळ सांगितलं. बिस्किटं कुणी खाल्ली नाहीत. जाताना ‘कळवतो’ म्हणाले. ते सगळेच म्हणतात.

साडेपाचला ज्योतिबा मागच्या शेडमधून आला. त्याचा चेहरा पडला होता. ‘‘मॅडम, त्या दोन गल्लीपल्याडच्या सुपरवायझरचा फोन आलता. प्रेस बंद करून ठेवली म्हनं तुमच्या सांगण्यावरनं. लई तापलाय. कवा येताय इचारतोय.’’ मग घुटमळून, ‘‘माझा रिले काढला व्हय त्यांनी?’’

‘‘काढला नाही. शॉर्ट केलाय.’’

‘‘येकच की.’’ तो तिथेच उभा राहिला. ‘‘बाकी दहा ठिकाणी बी केला आसंल.’’

हो. तेच ती बघत होती. कंपनीच्या यादीत आणखी दहा पत्ते होते. बोरगाव, निपाणी, खानापूर, तीन इथलेच उद्यमबागेतले... अकरा म्हणताना तो आकडा असायचा, आता एकेका ओळीपुढे थांबावं लागत होतं. परशराम अण्णाला तिने आणखी दोनदा फोन लावला होता. त्याने उचलला नव्हता. माणूस धड आहे, मशीन बंद आहे, एवढं कळलं होतं. तरी त्या गल्लीतून, त्याच्या दारावरून, आज घरी जायचं होतं. तो कट्ट्यावर बसलेला असेल. किंवा तिला येताना बघून आत जाईल.

केबिनमध्ये दिवा लागला होता. अप्पासाहेब कुणाशी तरी फोनवर हळू आवाजात बोलत होते. ते तिला उद्या कामावर ठेवतील की नाही, ऑर्डर येईल की नाही, या दोन्ही गोष्टींना तिने मनात हात लावून बघितला. त्या होत्या, दुखतही होत्या, पण कुठेतरी लांब, दुसऱ्याच्या अंगावर असल्यासारख्या.

तिने यादीतला पहिला नंबर लावला. बोरगाव. रिंग जायला लागली.

खिडकीबाहेर उद्यमबागेत दुसरी पाळी सुरू झाली होती. सहा वर्षं ती या खिडकीशी बसत होती, आणि या सगळ्या आवाजाचा तिच्या लेखी एकच आवाज असायचा, पंख्यासारखा, लक्ष न देण्याचा. आता त्यातला एकेक ठोका सुटा ऐकू येत होता. हा जवळचा, तो लांबचा, हा जड, तो हलका. ठोका पडला की तिचा श्वास अडकत होता, आणि त्याच मशिनीचा पुढचा ठोका पडेपर्यंत सुटत नव्हता. पडला की, बसलाय अजून, हात शाबूत आहेत — आणि लगेच पुढचा. हे थांबणार नाही असं तिला वाटलं. थांबावं असंही वाटलं नाही. सात महिने जी भीती होती ती कुणी बघेल याची होती, आणि ती अंगात कुठेतरी चिकट होऊन बसली होती. ही नुसती भीती होती, कोरडी, हिच्याशी बसून काम करता येत होतं.

‘‘हालो?’’ पलीकडे बाईचा आवाज आला. ‘‘कोन बोलतंय?’’

‘‘बेळगावहून बोलतेय. तुमच्याकडच्या प्रेसबद्दल,’’ प्रियदर्शनी म्हणाली. ‘‘आधी मला सांगा, तिच्यावर कोण बसतं?’’